पॉपची गोधडी रायफल

१ डिसेंबर १९९६, रविवार

उद्यापासून हरणांचा मोसम. शाळांना सुट्टी, गावातले निम्मे पुरुष आजच डोंगरात गेलेत. माझ्या गुडघ्यांनी गेल्या वर्षीच हात टेकले, म्हणून मी पॉपना, म्हणजे वडिलांना, गाडीत घातलं आणि डोरिसकडे जेवायला गेलो. डोरिस माझी धाकटी बहीण. तिचा नवरा ग्लेन कुन्झ आमच्या शिकार क्लबचा अध्यक्ष आहे, आणि हे तो कुणाला विसरू देत नाही.

ग्लेननं जेवताना बातमी फोडली. लोमन रायफल कारखान्याला एप्रिलमध्ये शंभर वर्षं होतात. कारखाना बंद पडून किती वर्षं झाली ते विचारायचं नाही, शंभरी म्हणजे शंभरी. त्या निमित्तानं क्लबच्या हॉलमध्ये फक्त लोमनच्या जुन्या टू-टू, म्हणजे लहान गोळीच्या, रायफलींचं प्रदर्शन. ज्याच्याकडे आहे त्यानं आणायची, ग्लेन तपासणार, टेबलावर मांडणार.

पॉपनी काटा खाली ठेवला. ते जेवताना बोलत नाहीत, आम्ही लहान होतो तेव्हापासून नाही. आज म्हणाले, "माझी मांडा."

डोरिसनं ग्लेनकडे पाहिलं. मग ग्लेन म्हणाला, "पॉप, तुमची गोधडी आहे."

रायफली जमवणाऱ्या लोकांची ही भाषा. नळी एका मॉडेलची, सांगाडा दुसऱ्याचा, दस्ता तिसऱ्याचा, अशी रायफल असली की ती गोधडी. तिला कुणी भिंतीवर लावत नाही. तिचे स्क्रू काढून घेतात आणि बाकीची कोठारात पडते.

"आणि दुसरं म्हणजे," ग्लेन म्हणाला, "गावात अजून तेव्हाचे म्हातारे आहेत. तुमची रायफल दिसली की पुन्हा तोंडं सुटतील. तुमच्याच भल्याचं सांगतोय."

डोरिसनं त्याच्या ताटात न विचारता आणखी कोबी वाढला. त्याला कोबी आवडत नाही.

२ डिसेंबर

ही वही मी टपालखात्यातून निवृत्त झालो तेव्हा डोरिसनं दिली. इतके दिवस तिच्यात पावसाचे आकडे लिहीत होतो. आता डोकं तापलंय तर तेच लिहितो.

पॉप तरुणपणी लोमनमध्ये होते, तपासणीच्या बाकावर. मंदीचे दिवस होते. कारखाना आठवड्यातून दोन-तीन दिवस चाले. पॉप सांगतात की एका नाताळला पगाराला पैसे नव्हते, तेव्हा फोरमन बॉमननं त्यांच्या हातात ही रायफल ठेवली. त्याच हिवाळ्यात बॉमन न्यूमोनियानं गेला. वसंतात नवा साहेब आला. त्यानं पॉपना खारी मारताना पाहिलं. रायफलीची नळी अष्टकोनी, आणि अष्टकोनी नळ्या तर कारखान्यानं केव्हाच बंद केलेल्या, पुढे सगळ्या गोल. सांगाडा मात्र नवा. साहेबानं एवढ्यावर ठरवलं की इर्विन श्राइबर रोज जेवणाच्या डब्यातून एकेक भाग घरी नेतो. दुसऱ्या दिवशी पॉपना फाटकाबाहेर काढलं. त्यानंतर त्यांनी जन्मभर कातड्याच्या कारखान्यात घाण उपसली.

मी शाळेत डबेचोराचा पोरगा होतो. मुलं माझा डबा उघडून बघायची, आत चाप आहे का म्हणून.

त्यांनी खरंच पळवले असतील का? इथे लिहायला हरकत नाही: मला माहीत नाही. मंदीत लोकांनी काय काय केलं. पण ग्लेननं जेवणाच्या टेबलावर तोंड वर करून बोलावं हे मला पटत नाही. एप्रिलपर्यंत मी काहीतरी शोधून काढतोच. ती रायफल त्या टेबलावर जाणार.

८ डिसेंबर

पॉपकडे गेलो. रायफल खाली काढून द्या म्हटलं. त्यांनी स्वतः काढली, काठी बाजूला ठेवून. मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुना टॉवेल अंथरला आणि खालचा एकच मोठा स्क्रू सोडवून दस्ता वेगळा केला.

गोधडी आहेच, ग्लेन खोटं बोलत नाही. नळी अष्टकोनी, जुन्या चार नंबरच्या मॉडेलची. सांगाडा नव्या सहा नंबरचा. दस्ता अक्रोडाचा, पण आखूड, पोरांच्या मॉडेलचा. त्या काळी स्वस्त टू-टू रायफलींवर अनुक्रमांक घालत नसत, त्यामुळे कुठला भाग कधीचा ते आकारावरून, स्क्रूच्या डोक्यावरून आणि ठशांवरूनच ओळखावं लागतं.

आणि ठसा सापडला. लाकडाखाली झाकलेल्या बाजूला, जिथे नळी सांगाड्यात शिरते तिथे, तांदळाएवढी चांदणी. अर्धी चांदणी नळीवर, अर्धी सांगाड्यावर. दोन्ही अर्धी तंतोतंत जुळतात. म्हणजे आधी नळी बसवली आणि मग ठसा मारला.

मी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. म्हटलं, "पॉप, हा तपासणीचा ठसा ना?"

"हो."

"म्हणजे ही जोडणी कारखान्यात झाली."

"ते मी सांगितलंय," पॉप म्हणाले.

लगेच माझ्याच डोक्यात आलं की पॉप तपासणीच्या बाकावर बसत. ठसा त्यांच्याच हाताशी असे. ग्लेनला हे सुचायला कॉफी संपेपर्यंतही वेळ लागणार नाही. ते मी बोलून दाखवलं.

पॉपनी माझ्याकडे पाहिलं. "तुला काय वाटतं?"

"मला काय वाटतं याला कोण विचारतंय, पॉप? पुरावा लागतो."

त्यांनी रेडिओ मोठा केला. ऐकू कमी येतं त्यांना हल्ली.

१ जानेवारी १९९७

डुकराचं मांस आणि आंबट कोबी. वर्ष चांगलं जावं म्हणून सगळे खातात आणि दुपारी सगळे पोट धरून बसतात.

विचार केला. एक गोधडी म्हणजे कुणाची तरी लबाडी किंवा खटपट. पण तशीच, त्याच भागांची, तशाच चांदणीची दुसरी गोधडी जर अशा माणसाकडे निघाली की ज्यानं कारखान्याचं फाटकही पाहिलं नाही, तर मग ती गोधडी नाही. मग ते मॉडेल झालं. ग्लेनला ऐकवलं. तो म्हणाला, "दुसरी आण, मी माझ्या हातानं पॉपची रायफल पहिल्या टेबलावर मांडीन." साक्षीला डोरिस होती. कारखान्याचे कागद पुरात गेले, त्यामुळे जे काही सांगायचं ते पोलादानंच सांगायचं.

१९ जानेवारी

जत्रेच्या मैदानावरच्या जुन्या बाजारात गेलो. थंडी इतकी की विकणारे गाडीतून उतरत नव्हते, काच खाली करून भाव सांगत होते.

एकाकडे अष्टकोनी नळीची लोमन दिसली. सांगाडा सहा नंबरचा! मी माझी चांगली लाकूड कापायची मशीन देऊन ती घेतली. घरी येऊन दस्ता काढला. नळी लोमनची नाहीच. कुठल्या तरी दुसऱ्या कंपनीची, टोकाला पत्र्याची पट्टी गुंडाळून ठोकून बसवलेली. चांदणी नाही, काही नाही. मशीन गेली.

डोरिसला फोनवर सांगितलं. ती एवढी हसली की तिला ठसका लागला. मग म्हणाली, "मर्ल, ग्लेनला मदतीला माणूस हवाय. त्याच्या सगळ्या रायफली प्रदर्शनासाठी पुसायच्यात. त्याचे खांदे दुखतात."

"त्यानं मला सांगितलं का?"

"मी सांगतेय ना."

मला काय कमी कामं आहेत?

२ फेब्रुवारी

आणखी दोन बाजार. एका माणसानं माझ्याकडून कारखान्याचा सगळा इतिहास ऐकून घेतला आणि मग मला मासे पकडायची दोरी विकली.

वाटतं, सोडून द्यावं. पॉपचं वय बघता ते एप्रिलपर्यंत विसरतील. मग वाटतं, नाही विसरणार. मंगळवारी त्यांनी रायफलीला नवा चामडी पट्टा लावलेला दिसला. स्वतः शिवलेला. हात थरथरतात तरी टाके सरळ आहेत.

९ फेब्रुवारी, रविवार

शेवटी गेलो ग्लेनकडे. डोरिसनं चौथ्यांदा फोन केला होता.

ग्लेनच्या तळघरात भिंतभर रायफली. एकही स्क्रू परका नाही, एकही ओरखडा नाही. तो एकेक काढून देत होता, मी दस्ता वेगळा करून तेलाचं फडकं फिरवत होतो. तो प्रत्येकीची जन्मकथा सांगत होता. मी ऐकत नव्हतो.

एका सहा नंबरच्या सांगाड्यावर फडकं अडकलं. बघतो तर कडेला खाच. चष्मा लावला. खाच नव्हती. अर्धी चांदणी होती. सरळ कापल्यासारखी कडेवर संपलेली. पुढे गोल नळी, गुळगुळीत, तिच्यावर काही नाही.

"हे काय?" मी विचारलं.

"कुठे? ठोका लागलाय काहीतरी. मूळ गोष्ट अशी की ही आली तेव्हा गोधडीच होती. नळी अष्टकोनी होती. कुणीतरी मोडतोड केलेली. मी दुरुस्त केली, बरोबर नळी शोधून बसवली. दस्ताही बदलला, आखूड होता."

मी फडकं खाली ठेवलं.

"ग्लेन, तू दुरुस्त केलीस."

"हो. का?"

मी पॉपची चांदणी सांगितली. तो हसला नाही, हे त्याच्या बाजूनं लिहायला हवं. भिंग आणलं, बराच वेळ बघितलं. मग म्हणाला, "अर्धा ठसा म्हणजे अर्धाच पुरावा, मर्ल. ती नळी असती तर गोष्ट वेगळी."

"नळी कुठे आहे?"

"फेकली असेल. गोधडीची नळी कोण ठेवतं?"

"आणि रायफल कुणाकडून घेतली होतीस?"

"वायोला स्टाउफर. वरच्या खोऱ्यातली. फार बोलते."

डोरिस जिन्यावर उभी होती, काकवी घालून भाजलेली पाई घेऊन. तिनं सगळं ऐकलं असावं. मला तिनं मोठा तुकडा दिला.

१३ फेब्रुवारी

वायोला स्टाउफर माझ्या टपालाच्या वाटेवरची. तिची पेटी मी किती वर्षं भरली. तिच्या कुत्र्याच्या चार पिढ्या मला चावल्यात. आज पहिल्यांदा घरात गेलो.

"टपाल बंद झालं की काय? माणूसच आत आला," ती म्हणाली. अविवाहित आहे, सत्तरी ओलांडलेली, लाकडं स्वतः फोडते.

मी अष्टकोनी नळीच्या रायफलीबद्दल विचारलं. तिचा चेहरा लालबुंद झाला.

"तो तुमचा मेव्हणा ना? त्यानं माझ्या रायफलीचं काय केलं माहितेय? त्याच्या घरी भिंतीवर बघितली मी. गोल नळी! माझ्या रायफलीला आठ कडा होत्या. थंडीत बोटं चिकटायची त्या कडांना. मी त्याला म्हटलं, ही माझी नव्हे. तो म्हणतो, बाई, आता ती बरोबर आहे. बरोबर? मी बिया विकून मिळवली होती ती."

"बिया?"

ती म्हणाली की ती शाळेत होती तेव्हा एक बियाण्यांची कंपनी तिथे यायची. मुळे, बीट, झेंडू यांच्या पुड्या द्यायची. पोरांनी दारोदार विकायच्या. पुरेशा विकल्या की टू-टू रायफल बक्षीस. मंदीत कोण विकत घेणार बिया? पण वायोला आणि तिची बहीण एडना दोघी मिळून सगळं खोरं पायी फिरल्या. रायफली खोक्यात आल्या, गवतात गुंडाळलेल्या, लोमनचा शिक्का असलेल्या.

"मुलींना रायफल देत होते?"

"द्यायला तयार नव्हते. आमच्या आईनं त्या माणसाला अंगणातून जाऊ दिलं नाही."

"दोन्हींच्या नळ्या अष्टकोनी होत्या?"

"दोन्ही जुळ्या होत्या. एडनाची ही काय." आणि तिनं स्वयंपाकघराच्या दारामागून रायफल ओढून काढली. भाजी खाणाऱ्या प्राण्यांना हाकलायला ती अजून वापरते.

अष्टकोनी नळी. सहाचा सांगाडा. आखूड अक्रोडी दस्ता.

स्क्रू तिनंच सोडवला. चांदणी पूर्ण होती. अर्धी इकडे, अर्धी तिकडे.

मी तिच्या स्वयंपाकघरात टोपी हातात धरून रडलो. तिनं कॉफी ओतली आणि म्हणाली, "एवढं काय झालं? माझी भांडी तरी पुसून द्या आता."

पुसून दिली. रायफल प्रदर्शनाला द्याल का, विचारलं. "रायफल एकटी कुठे जात नाही," ती म्हणाली. "मी घेऊन येईन. त्या कुन्झचं तोंड बघायचंय मला."

पॉपकडे लगेच गेलो. सगळं एका दमात सांगितलं. माझा अंदाजही सांगितला की मागणी नव्हती, जुन्या नळ्या डबड्यात पडून होत्या, म्हणून कारखान्यानंच उरलेल्या भागांच्या रायफली जोडून बियाणेवाल्याला स्वस्तात दिल्या. जुनी नळी नव्या सांगाड्यात नीट बसली की जोडावर चांदणी मारायची. बॉमननं त्याच ढिगातली एक पॉपना दिली असणार.

"बॉमन त्यांना वाणसामान म्हणायचा," पॉप म्हणाले. "वाण्यानं उरलंसुरलं एका पुडीत बांधून विकावं तसं."

"हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत?"

"कुणाला?"

मी म्हटलं, मला. त्यावर ते खिडकीबाहेर बघत म्हणाले की अंगणात बर्फ साचलाय, दार उघडणार नाही. मी फावडं घेऊन गेलो. म्हातारपणी माणसाचं लक्ष एका जागी राहत नाही.

१६ फेब्रुवारी

ग्लेनला सांगितलं. तो म्हणाला, "एक पूर्ण, एक अर्धी. वायोलाबाईंची पूर्ण आहे हे मान्य. पण लोक म्हणतील की तुझ्या वडिलांनी ती बघून तशीच बनवली. माझ्या रायफलीची नळी मिळाली तर तीन होतात, आणि त्यातली एक माझ्या स्वतःच्या भिंतीवरची. मग कुणाची बोलायची हिंमत होणार नाही. माझीसुद्धा."

त्यानं कोठार उलटंपालटं केलं म्हणे. भंगारवाल्याकडेही गेला. माणूस हट्टी आहे, पण नुसता बसून राहत नाही.

२२ मार्च, शनिवार

आज माझी पाठ मोडली आहे. डोरिसनं सकाळीच फोन करून बोलावलं. बागेतले गेल्या वर्षीचे टोमॅटोचे खुंट उपटायचेत. जमीन नुकती सैल झालीय, ग्लेनचे खांदे दुखतात, मर्ल तू ये. मी म्हटलं, प्रदर्शन तीन आठवड्यांवर आलंय, मी नळी शोधतोय. ती म्हणाली, "दुपारपर्यंत शोधणं थांबलं तर आभाळ कोसळणार नाही."

गेलो. तिनं मला एका टोकापासून सुरू करायला लावलं नाही. थेट कुंपणाकडच्या ओळीत पाठवलं. "तिथे आधी," म्हणाली, आणि स्वतः टोपली घेऊन उभी राहिली, काही न उचलता. मी काम करतोय आणि ती बघतेय, हे आमच्या घरात लहानपणापासून चालत आलंय.

तिसरा की चौथा खुंट लाकडाचा नव्हता. हिरवा रंगवलेला, डोळ्यात जाऊ नये म्हणून वरच्या टोकाला टिनचा डबा उपडा घातलेला. उपटला तर जड. आठ कडा.

मी तिथेच चिखलात बसलो.

"काय सापडलं?" डोरिस म्हणाली.

"नळी. ग्लेननं फेकलेली नळी. तुझ्या टोमॅटोला!"

"अगं बाई," ती म्हणाली. "कसं कुणाच्या लक्षात आलं नाही."

नशीब म्हणतात ते हेच. मी कंटाळा करून घरी बसलो असतो तर ही नळी आणखी दहा वर्षं टोमॅटो धरून उभी राहिली असती. डोरिसला काही कल्पनाच नव्हती आणि तिनं नेमकं आजच बोलावलं! मी तिला म्हटलंही, "तुझं नशीब माझ्या कामी आलं." ती म्हणाली, "हो ना," आणि हसली.

तोंड जमिनीत होतं, ते गंजलंय. पण मागचं टोक रंगाखाली. ग्लेनच्या तळघरात तारेच्या काथ्यानं आणि तेलानं घासलं. ग्लेन दिवा धरून उभा होता. हिरवा निघाला, मग खाली राखाडी, मग चांदणीची दोन टोकं.

ग्लेननं त्याची गोल नळी काढली. मी जुनी आत सरकवली आणि हळूहळू फिरवली. अर्धी चांदणी अर्ध्या चांदणीला मिळाली.

ग्लेननं भिंगातून बघितलं. दिवा खाली ठेवून वर गेला. स्वयंपाकघरातून त्याचा आवाज आला, "डोरिस, ती नळी तिथे होती हे तुला माहीत होतं?" आणि तिचा, "मला रायफलीतलं काय कळतं, ग्लेन?"

११ एप्रिल

उद्या प्रदर्शन. पॉपना गावातल्या न्हाव्याकडे नेलं. ते दाढी करताना न्हाव्याशी बोलत होते. आत आधीच बसलेले दोघे म्हातारे या वेळी खुर्चीवरून उठून गेले नाहीत. आणखी काय लिहू, झोप येणार नाही असं वाटतंय.

१२ एप्रिल १९९७, शनिवार

हे सगळं आज लिहून काढलंच पाहिजे.

हॉल भरून गेला होता. भट्टीवर कोंबड्या, बायकांनी भाजलेल्या गोड पाई, कॉफीचे मोठे पिंप. वायोला स्टाउफर इस्त्री केलेल्या झग्यात आली होती, हातात एडनाची रायफल. दारावरच्या पोरानं रायफल ताब्यात मागितली, तेव्हा ती म्हणाली की आधी तू इतक्या बिया विकून दाखव.

ग्लेननं शब्द पाळला. दारातून आत येताच पहिलं टेबल. हिरवं कापड. तीन रायफली शेजारी शेजारी, दस्ते काढून उलट्या मांडलेल्या, चांदण्या वर. प्रत्येकीवर भिंग टांगलेलं. मधली पॉपची. उजवीकडे वायोलाची. डावीकडे ग्लेनची स्वतःची, टोमॅटोची नळी बसवलेली, एका कडेवर हिरवा रंग मुद्दाम राहू दिलेला.

भाषणाची वेळ झाली तेव्हा ग्लेन मायक्रोफोनपाशी गेला. मला वाटलं, आता तो लोमनचा इतिहास सुरू करणार. तो म्हणाला:

"या टेबलावरच्या रायफलींना मी आयुष्यभर गोधडी म्हणत आलो. डावीकडची माझी. ती मला जशी कारखान्यातून निघाली तशी मिळाली होती. मी ती दुरुस्त केली. म्हणजे बिघडवली. या रायफली कारखान्यानंच अशा जोडल्या आणि विकल्या. हे माझ्या मेव्हण्यानं शोधलं. लोमनच्या सगळ्या मॉडेलांची नावं मला पाठ आहेत, त्यात आजपासून आणखी एक. आणि," इथे तो पॉपकडे वळला, "इर्विन श्राइबर यांनी त्या कारखान्यातून एक स्क्रूसुद्धा नेला नाही. हे या गावात ज्यांनी वेगळं सांगितलं असेल त्यांनी आता इथे येऊन भिंगातून बघावं."

टाळ्या नाही वाजल्या. आधी कुणी खुर्ची सरकवली. मग दुसरी. सगळा हॉल उठून उभा राहिला आणि पहिल्या टेबलापाशी रांग लागली. मी एवढी लांब रांग फक्त आयकराच्या शेवटच्या दिवशी टपाल खिडकीवर पाहिलीय. एकेक माणूस वाकून भिंगातून बघत होता आणि मग पॉपपाशी जाऊन हात पुढे करत होता.

जुना गिल्बर्ट रीट्झ, कारखान्यातला, ऑक्सिजनची नळी नाकात, म्हणाला, "इर्विन, मी सुद्धा बोललो होतो."

"माहितेय," पॉप म्हणाले. "फार मोठ्यानं बोलायचास."

"चुकलं."

"कोंबडी खाल्लीस का?" पॉपनी विचारलं, आणि त्याला शेजारी बसवून घेतलं.

कुणीतरी मायक्रोफोन पॉपच्या तोंडासमोर धरला. त्यांनी तो उलटा-सुलटा बघितला आणि म्हणाले, "माझ्या डब्यात सॉसेज असायचं. रोज. कधी उकडलेलं अंडं." हॉल एवढा हसला की भिंतीवरची हरणाची शिंगं हलली. डोरिस रुमाल तोंडावर धरून हसत होती आणि रडत होती. ग्लेननं तिला जवळ घेतलं. वायोला त्याच्याकडे बोट दाखवून म्हणाली, "आता माझी रायफल परत कधी देणार?" तो म्हणाला, "आत्ता घेऊन जा." तिनं खरंच नेली, दोन्ही खांद्यांवर दोन.

संध्याकाळी रायफल परत जोडली, पॉपचा पट्टा लावला, आणि मी आणलेली घोंगडी तिच्याभोवती गुंडाळायला लागलो. ही रायफल घराबाहेर पडली की घोंगडीत. मी पोरगा असल्यापासून तसंच. मळ्यावर नेतानासुद्धा, कुणी बघू नये म्हणून.

पॉपनी माझा हात धरला. "घोंगडी राहू दे."

"बरं. गाडीत मागे ठेवतो."

"गाडी राहू दे. चालत जाऊ."

"पॉप, तुमचे पाय..."

"माझे पाय मला माहितेत. खांद्यावर घे. नळी वर."

मी म्हटलं, रायफल तुमची आहे, आज तुम्ही घ्या. ते म्हणाले, "मी नाही. तू." त्यांचे हात दुखत असणार.

आम्ही हॉलच्या पुढच्या दारानं बाहेर पडलो. मला वाटलं, घरच्या रस्त्याला वळतील. ते उलट दिशेला वळले, फॅक्टरी स्ट्रीटकडे. ते काठी पुढे टाकत, थांबत, पुन्हा टाकत चालले होते. मी त्यांच्या शेजारून, खांद्यावर उघडी रायफल. रस्ता जुन्या फाटकावरून जातो, मग शाळेवरून, जिथे मुलं माझा डबा उघडायची. ओसरीवर लोक बसले होते. बातमी आमच्या आधीच पोचली होती. कुणी टोपी काढली. कुणी हाक मारली, "इर्विन! काय घेऊन चाललात?"

पॉप थांबले, मान वळवून मोठ्यानं म्हणाले, "माझी रायफल! माझा मुलगा घेऊन चाललाय!"

आणि मग पुढच्या घरासमोर, कुणी विचारलं नव्हतं तरी, त्यांनी ते पुन्हा सांगितलं.